जिथे फोडणीचा वास येत नाही

माझं नाक मोठं आहे. मला बघायला आलेल्या मंडळींपैकी एका आत्याबाईंनी ते मोठ्याने बोलूनही दाखवलं होतं. त्या आज हयात असत्या, तर मी त्यांना सांगितलं असतं की आरोग्यसेविकेची अख्खी नोकरी मी या नाकाच्या जोरावर केली. सरकारने मला थर्मामीटर दिला, वजनकाटा दिला, बर्फाचा डबा दिला. नाक मात्र माझं घरचं होतं.

सकाळी अकराच्या सुमाराला नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीवर जा. घराघरातून लसूण-मिरचीच्या फोडणीचा ठसका येतो. ज्या घरातून तो येत नाही, त्या घरात एकतर कुणी नसतं, नाहीतर गोवर असतो. नव्या मुली प्रशिक्षणाला यायच्या तेव्हा मी त्यांना हेच आधी सांगायचे. त्या वहीत लिहून घ्यायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या.

शहरातल्या वाचकांसाठी जरा उलगडून सांगते. गोवर, कांजिण्या हे आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या लेखी आजार नाहीत, पाहुण्या आहेत. 'पोराला गोवर झाला' असं म्हणत नाहीत, 'बाया आल्यात' म्हणतात. देवी घरी मुक्कामाला आली म्हटल्यावर तिचा मान ठेवायला हवा. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो. चुलीवर तेल तापत नाही, फोडणी पडत नाही. दहीभात आणि दूधभाकरी यांवर घर चालतं. कुणी मोठ्याने बोलत नाही. सुई, कात्री, वस्तरा यांना हात लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजारी लेकरू जे मागेल ते द्यायचं, कारण मागणारं लेकरू नसतं, त्याच्या तोंडून बाया मागत असतात. मग बोळवण होते, म्हणजे लेकराला निंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची, शिवेवर दहीभाताचा निवद ठेवायचा आणि पाहुण्यांना हात जोडून निरोप द्यायचा.

यातलं बरंचसं चांगलंच आहे. लेकराला विश्रांती मिळते, पचायला हलकं पोटात जातं, घरात भांडणं होत नाहीत. अडचण एवढीच, की घरी पाहुण्या आल्याची वर्दी सरकारला कोण देणार? डहाळासुद्धा हल्ली दाराच्या आतल्या बाजूला लावतात. म्हणून नाक.

आता डब्याबद्दल. लसीला ऊन सोसत नाही. ती आरोग्य केंद्राच्या शीतपेटीतून निघते ती बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसून, निळ्या डब्यातून. बाटलीवर एक खूण असते, ऊन लागलं की ती काळवंडते, आणि काळवंडलेली बाटली टाकून द्यायची. गोवराची लस तर जास्तच नखरेल. ती पूड असते. पाण्यात कालवली की चार तासांत वापरायची, उरली तर फेकायची. त्यामुळे बाटली फोडायच्या आधी लेकरं जमवावी लागतात, आणि लेकरं जमवायची म्हणजे आधी सासवा जमवाव्या लागतात.

नोकरीच्या सुरुवातीला मी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात होते, डोंगरात. तिथे पहिल्याच महिन्यात एका पाड्यावर पोरं मला बघून पळत सुटली, पण माझ्या दिशेने. मला भरून आलं. जवळ येऊन बघतात तर डब्यात कुल्फी नाही. आधी कुल्फीवाला तसाच निळा डबा घेऊन येऊन गेला होता. त्यानंतर मात्र ती पोरं मला बघून उलट्या दिशेने पळायची, आणि बिचाऱ्या कुल्फीवाल्याला बघूनही. त्याने मला बाजारात गाठून तक्रार केली होती.

मिरजगावला एक आजोबा होते. नातवाला टोचायचं तर आधी मला टोचा, म्हणून दंडाची बाही वर करून बसले. त्यांना म्हटलं, बाबा, तुमचं वय निघून गेलं. ते म्हणाले, "मंग त्याचं निघस्तोवर थांबा की." शेवटी त्यांचा रक्तदाब मोजला. दंडाला पट्टा आवळला गेला, पारा चढला-उतरला, आजोबांचं समाधान झालं आणि नातू सुटला. म्हणजे सापडला.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट तिसगावच्या बाजूची, पाथर्डी तालुक्यातली. ही गोष्ट मी कितीतरी वर्षं सगळ्यांना चुकीची सांगत आले, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

पाथर्डी म्हणजे ऊसतोड मजुरांचा तालुका. दिवाळी झाली की गाड्या भरतात. माणसं, भांडी, कोंबड्या, शेळ्या, तान्ही लेकरं सगळं ट्रकात बसून कारखान्याला निघतं. फडावर, म्हणजे तोडणीच्या उसाच्या रानात, पाचटाच्या कोप्या एकीला एक चिकटून असतात. तिथे एका लेकराला गोवर आला की सगळ्यांची पाळी लागते. ज्वर उतरतो, पुरळ जातो, पण त्यामागून न्यूमोनिया येतो, हगवण येते, डोळे जातात. अशा ठिकाणी दवाखाना लांब असतो. त्यामुळे दिवाळीच्या आधी आणि नंतर मी या वस्त्यांवर घिरट्या घालत असायचे.

त्या वर्षी भाऊबीज होऊन गेली होती. आमची आशा कार्यकर्ती मंदा आणि मी एका वस्तीवर गेलो. मंदा त्याच गावची सून, बोलायला धीट आणि चालायला माझ्याहून जोरात. एका आळीत शिरलो आणि मी थांबले. आळीभर चुली पेटलेल्या, धूर दिसतोय, पण ठसका कुठेच नाही. एका घरातून नव्हे, अख्ख्या आळीतून नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याचं मशीनसुद्धा फडक्याखाली झाकलेलं.

मंदा म्हणाली, "बाई, हितं बाया आल्यात. आनि एकीच्या घरात न्हाई, सगळ्या आळीनं धरलंय."

मुक्काम होता राणीच्या घरात. राणी सहा वर्षांची, भलती चुणचुणीत. आईबापाबरोबर वर्षाचे सहा महिने फडावर, त्यामुळे तिच्या दोन्ही लसी हुकलेल्या. आम्ही गेलो तेव्हा पुरळ मावळायला लागला होता आणि राणी गोधडीवर बसून राज्य करत होती. तिने आदल्या दिवशी डाळिंब मागितलं, ते आलं. लाल रिबिनी मागितल्या, त्या आल्या. मामाचा मोबाईल मागितला, तोही मिळाला होता, आणि मामा दारात हात चोळत उभा होता.

राणीला मी जीवनसत्त्व अ पाजलं. त्याने डोळे वाचतात. ते तोंडावाटे द्यायचं असल्यामुळे कुणाची हरकत नव्हती. खरं काम पुढे होतं. आळीत ज्या लेकरांना लस मिळाली नव्हती त्यांना ती लगेच द्यायला हवी होती, कारण परवा सकाळी ट्रक निघणार होता.

त्या लेकरांतलं सगळ्यात लहान म्हणजे शेजारच्या संगीताचा सोन्या. दहा महिन्यांचा. नवव्या महिन्यात लस द्यायच्या दिवशी तो तापाने फणफणला होता म्हणून राहिली. संगीता माहेरी गेलेली, ती आदल्या संध्याकाळीच परतली होती. म्हणजे सोन्याला लागण झालीच असली तरी ताजी होती, आणि अशा वेळी लस लगेच गेली तर पुष्कळदा आजार अडतो. मी हे संगीताला समजावून सांगितलं. तिला सगळं कळलं. तिने सोन्याला आणखी घट्ट धरलं.

"मला बी द्यायचीय वो बाई," ती म्हणाली. "पर हा नवसाचा हाय. लग्नाला लई वर्सं झाल्ती, मूल न्हवतं. हिराआजीच्या ठान्यावर नवस केला तवा झाला. आता त्याच बाया आल्यात आनि म्या त्यांच्या म्होरं त्याला सुई लावू? आजी व्हय म्हनली तर आत्ता देते. न्हाईतर न्हाई."

हिराआजी म्हणजे हिराबाई. मरीआईच्या ठाण्याची दिवाबत्ती त्यांच्याकडे. बारीक चणीच्या, पांढरं स्वच्छ पातळ, आणि नजर अशी की समोरच्या बाईने आपोआप पदर सावरावा. आळीत बायांचे नियम काय, कधी सुरू, कधी संपले, हे त्यांनी ठरवायचं. माझी-त्यांची जुनी ओळख होती. म्हणजे आम्ही एकमेकींना लांबून बघून रस्ता बदलायचो.

मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, परवा गाडी जाणार. लेकरांना उद्या लस द्यायलाच पाहिजे. तुम्ही एक शब्द टाका."

"बोळवन झाल्यावर द्या की."

"बोळवण कधी?"

"राणीला अजून तीन दिस हायेत."

"तोवर सोन्या फडावर पोचलेला असेल."

हिराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "शिष्टर, तुमचं तुमच्या जागी खरं आसंल. पर बाया घरात आस्ताना सुई न्हाई. म्या आज व्हय म्हनले आनि उद्या कुनाच्या पोराला ताप आला, तर लोक मला इचारत्यात, तुमाला न्हाई."

त्यात खोटं काही नव्हतं. लशीनंतर एखाद्याला ताप येतोच. मी तासभर डोकं लावलं. डॉक्टरसाहेबांचं नाव घेतलं, फडावरच्या कोप्यांचं वर्णन केलं, थोडं रागावलेही. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मी उठताना मात्र त्यांनी विचारलं, "लई दुखती का ती सुई?"

"मुंगी चावल्यासारखी."

"आनि एकदा दिली की परत बाया येत न्हाईत?"

"दोनदा द्यायची. मग सहसा येत नाहीत."

"उद्या येनार का डबा घिऊन? का बर्फ संपला म्हनाल?"

मला तो टोमणा वाटला. मी म्हटलं, येणार, आणि बर्फ भरपूर आणणार. परतीच्या वाटेवर मी मंदाजवळ हिराबाईंबद्दल जे काही बोलले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले खरी, पण आशा फारशी नव्हती. राणीच्या अंगणात आळी जमलेली. हिराबाईंनी राणीचं अंग निंबाच्या पाण्याने पुसून तिला नवं परकर-पोलकं घातलं होतं, कपाळाला हळद लावली होती. ट्रक ठरवणारा मुकादमही आला होता, निघायची वेळ सांगायला. मोठ्या मिशांचा, सुटलेल्या पोटाचा, बुलेटवरून हिंडणारा गडी. बायांपुढे मात्र चपला बाहेर काढून, हात जोडून उभा होता.

हिराबाईंनी रोजच्यासारखं राणीला विचारलं, "बाया, आज काय पायजे?"

राणीने सगळ्यांकडे बघून घेतलं. मग माझ्या डब्याकडे बोट केलं. "सुई पायजे."

राणीची आई पुढे सरकली, "आगं, तुला सुई कशाला?"

"मला न्हाई. समद्या पोरास्नी सुई पायजे. आदी सोन्याला." थोडं थांबून तिने बोट वळवलं. "मंग ह्या मुकादमाला."

सगळे हिराबाईंकडे बघायला लागले. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटून ठेवले. मग हात जोडून म्हणाल्या, "बायांनी मागितलंय. न्हाई म्हनायची आपली ताकद न्हाई. शिष्टर, बसा."

मी बसले. संगीताने सोन्याला माझ्या पुढ्यात आणलं तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता. सोन्या रडला, डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत थांबला आणि माझ्या चष्म्याला हात घातला. त्याच्या मागे रांग लागली. मी बाटली फोडली, ती संपली, दुसरी फोडली. अशी भरलेली बाटली रिकामी होण्यात काय सुख असतं ते फक्त आमच्या खात्यातल्या बायकांना कळेल.

राहता राहिला मुकादम. तो हळूच चपलांकडे सरकत होता. राणीने "मुकादम" एवढंच म्हटलं. आता थोराड माणसाला लेकरांची लस कशी देणार? मी कापूस भिजवला, त्याचा दंड जोरात पुसला आणि म्हटलं, झालं. त्याने डोळे गच्च मिटून "आई गं" अशी हाक दिली की आळीतली कोंबडी उडाली. बायांच्या मुक्कामात हसायचं नसतं असा काही नियम नाही, हे त्या दिवशी कळलं.

ट्रक ठरल्या वेळी गेला. पुढचे काही दिवस मला फडाकडून फोनची धास्ती होती. फोन आला तो संगीताचा, सोन्या उभा राहायला लागला हे सांगायला. पावसाळ्याच्या तोंडावर ती माघारी आली तेव्हा तो मुकादमासारखं पोट पुढे काढून चालत होता. ठरल्याप्रमाणे दुसरी लस मी त्याला स्वतः दिली. या वेळी तो मोठ्याने रडला, आणि संगीता मनमोकळी हसली.

ही गोष्ट मी पुढे जिथे तिथे सांगितली. प्रशिक्षणात, बैठकीत, नातेवाइकांच्या लग्नात. सांगताना हिराबाई दरवेळी थोड्या जास्त हट्टी होत गेल्या आणि मी थोडी जास्त चिकाटीची. एका सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडून नशिबाने कौल दिला आणि हिराबाई हरल्या, असा माझा शेवट असायचा. टाळ्याही पडायच्या.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोप समारंभ आरोग्य केंद्राच्या आवारात होता. नारळ, शाल, आणि साहेबांचं लांबलेलं भाषण. तेवढ्यात एक मुलगी पुढे आली, नर्सिंगच्या शिक्षणाचा गणवेश घातलेली. मंदा शेजारी हसत उभी होती. "वळखलं का बाई? राणी."

मी तिला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर ती गोष्ट पुन्हा सांगितली. तिने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, एक सांगू का? ते सुई मागायचं माझ्या डोक्यातलं न्हवतं. आदल्या सांजेला हिराआजी अंग पुसायला आल्ती. सगळ्यांना भाईर घातलं आनि मला म्हनली, 'उद्या शिष्टर आली की सुई माग. समद्या पोरांसाठी माग. आदी सोन्यासाठी माग. म्या सांगितलं तर लोक माझं ऐकून मलाच बोल लावतील. तू मागितलंस तर बायांचं आसंल, कुनी बोलनार न्हाई.' दोनदा माझ्याकडनं म्हनवून घेतलं. कुनाला सांगू नको म्हनली, म्हनून इतकी वर्सं न्हाई सांगितलं."

"आणि मुकादम?" मी विचारलं.

"मुकादमाचं मातर माझं माझं हुतं," ती म्हणाली. "त्यानं माझ्या बाला शिव्या दिल्त्या."

दुसऱ्याच दिवशी मी एसटीने तिसगाव गाठलं आणि तिथून जीपने वस्तीवर गेले. डबा नाही, पिशवी नाही, हात मोकळे, त्यामुळे चालताना विचित्र वाटत होतं. हिराबाई त्याच ओट्यावर होत्या. आता अगदीच वाकल्या आहेत, डोळ्याला कमी दिसतं. सून बाजूला शेंगा फोडत होती. मी पाया पडले. आयुष्यात पहिल्यांदा.

"मावशी, राणीने मला सांगितलं सगळं."

"काय सांगितलं?"

"सुई कुणी मागायला लावली ते."

हिराबाईंच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. "बायांनी मागितली. म्या कुठं काय बोलले?"

"बरं, तुम्ही नाही बोललात. पण त्या वेळी मी तुमच्यावर किती चिडले होते."

"चिडली हुतीस खरी," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला अगंतुगं केलं. "पर दुसऱ्या दिशी आलीस. त्याची काळजी हुती मला. रातभर वाटत हुतं, ही रुसून बसली तर पोरगी सुई मागंल आनि सुई न्हाई." मग हातातली काठी जमिनीवर फिरवत म्हणाल्या, "माझं थोरलं पोरगं बायांतच गेलं. फडावर. तवा डबा घिऊन कोनी यायचंच न्हाई गं."

मी त्यांचा हात धरून बसले. इतकी वर्षं मी या बाईला माझ्या गोष्टीत हरवत आले होते, आणि ती एका शब्दानेही मला अडवायला आली नव्हती. मला माझीच लाज वाटली आणि त्यांचा फार अभिमान वाटला, दोन्ही एकदम.

मग त्यांनी सुनेला हाक मारली. "पाव्हनी आलीया. आमटी कर. आनि फोडनी जरा कडक घाल, हिचं नाक मोठं हाय."

आत तेल तापलं, लसूण पडला, मिरची पडली. शेजारच्या घरातूनही तसाच ठसका आला, मग त्याच्या पुढच्या घरातून. अख्खी आळी खोकायला लागली. मी ओट्यावर बसून पोटभर वास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मिरचीच तशी होती, असं मी हिराबाईंना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं.